माशाचा डोळा

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली बावीस वर्षं माझ्या नवऱ्याने मला माशाच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्याही एकाच जातीच्या माशाच्या. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तो इन्स्ट्रुमेंट्सचं काम बघायचा. दोन आठवडे तिथे, दोन आठवडे कतारमध्ये, दोह्यात घरी. हेलिकॉप्टरने जायचा, हेलिकॉप्टरने यायचा, आणि उन्हाळ्यात आला की बूट काढता काढताच सुरुवात व्हायची. "अगं, परवा चहाच्या वेळेला रेलिंगपाशी उभा होतो. खाली बघतो तर वीस-पंचवीस! एकेक कंपनीच्या बसएवढा." (समोर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना मात्र तोच बरा वाटतो.)

हा मासा म्हणजे व्हेल शार्क. नाव दांडगं, पण देवमासा नव्हे, मुशीच्या जातीतला. मी कोकणातली, मुशीचं सुकं खात वाढलेली, त्यामुळे मला त्याचं कौतुक असं कधी वाटलंच नाही. नवरा नाशिकचा, शुद्ध शाकाहारी. लग्नानंतर त्याने मासा पाहिला तो माझ्या ताटात, तोही मान वळवून. अशा माणसाने माशाच्या नादी लागावं याची मला गंमत वाटायची आणि, खरं सांगते, कंटाळाही यायचा. तो ओट्याला टेकून सांगत असायचा, या माशाच्या पाठीवर पांढरे ठिपके कसे रांगोळीसारखे असतात, तो समुद्रात तरंगणारी माशांची अंडी कशी गाळून खातो. मी पोळ्या लाटत असायची आणि मधे मधे "हं" म्हणायची. माझं हे "हं" फार कामाचं. ते तव्यावरच्या पोळीकडे लक्ष ठेवूनही म्हणता येतं.

त्याचं एकच रडगाणं होतं. "वरून नुसती पाठच दिसते गं. एवढ्या वर्षांत एकाचाही डोळा पाहिला नाही."

"फोटोत बघा की."

"फोटोत काय बघायचं? त्यानेही माझ्याकडे बघायला हवं ना!"

मी पोळी उलटली आणि म्हणाले, "हं."

गेल्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपलं. जुलैअखेर भारतात परत जायचं ठरलं. दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भिंतीला खोकी लागली. तेव्हा लेकीने, जी आता टोरांटोत असते, बाबासाठी निरोपाची भेट म्हणून व्हेल शार्क बघायच्या बोटीची दोन तिकिटं काढली. ही बोट त्याच्या प्लॅटफॉर्मच्याच बाजूच्या समुद्रात जाते, आणि नशिबाने मासे भेटले तर गाइडबरोबर पाण्यात उतरून पोहता येतं. मी म्हटलं, मला कशाला, मी खोकी भरते. तर लेक फोनवर म्हणाली, "आई, जस्ट गो विथ हिम. प्लीज." आमची लेक मराठी सगळं समजते, पण हट्ट करायचा तर इंग्रजीतच करते.

नवऱ्याला पोहता येत नव्हतं. बावीस वर्षं समुद्रात नोकरी, आणि पोहणं शून्य! प्लॅटफॉर्मवरून कुणी पाण्यात उतरत नसतं, त्यामुळे कधी नडलं नव्हतं. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने बिल्डिंगच्या गच्चीवरच्या पूलमध्ये पोहणं शिकायला घेतलं. एक श्रीलंकन कोच यायचा. मी काठावर टॉवेल घेऊन बसायची आणि फुकटच्या सूचना द्यायची, कारण मी खाडीच्या काठची, मला चालायच्या आधी तरंगता येत होतं असं आमच्याकडे सांगतात. "पाय सोडा, पाय! खुर्चीवर बसल्यासारखे काय करताय?" तो नाकातोंडात पाणी जाऊन ठसकायचा, की मी हसायची. पण त्याने सोडलं नाही. घरी बादलीत तोंड बुडवून नळीतून श्वास घ्यायचा सराव करायचा. पाण्यातल्या गॉगलला त्याने आपल्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या. डोळा दिसायला हवा ना स्पष्ट!

जायच्या आदल्या दिवशी बोटवाल्यांचा मेल आला. तो त्याने ओट्याला टेकून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी प्रवासासाठी धपाटे थापत होते. मेलमध्ये काय काय होतं कोण जाणे. मी "हं" म्हणत होते.

आता माझी चूक सांगते. आमच्या माहेरी खाऱ्या पाण्यात उतरायचं म्हणजे आधी अंगाला खोबरेल तेल लावायचं. लहानपणी आजोबा रांगेत उभं करून आम्हा सगळ्यांना तेल चोळायचे, मगच खाडीत सोडायचे. तेल नसलं तर मीठ कातडीला चावतं, अंग तडतडतं. माझा भाऊ अजून दरवर्षी गावच्या घाण्याचं तेल पाठवतो. त्या दिवशी पहाटे चारला निघायचं होतं. नवरा बनियन काढून उभा होता. मी बाटली घेतली आणि त्याच्या पाठीवर ओंजळभर ओतली.

"अगं, मेलमध्ये काहीतरी..." तो म्हणाला.

"मेल लिहिणाऱ्याला काय कळतंय? संध्याकाळी अंगाची आग झाली की मलाच ओरडाल."

त्याने पाठ माझ्याकडे केली. मी पाठ, खांदे, दंड, पोटऱ्या, सगळं चोळून काढलं, अगदी जिरेपर्यंत. वर टी-शर्ट घातला. हात साबणाने धुतले आणि धपाट्यांचा डबा पिशवीत टाकला. मी स्वतः पाण्यात उतरणारच नव्हते, त्यामुळे मला तेलाची गरज नव्हती. केसही आदल्या दिवशीच धुतलेले होते. हे सगळं बारीकसारीक आज आठवतं, कारण नंतर सगळं त्यावरच ठरलं.

दोह्याच्या उत्तरेला, रुवैसच्या बंदरातून बोट निघाली तेव्हा ऊन नुकतं चढत होतं, तरी हवा भिजल्या घोंगडीसारखी जड होती. बोटीवर दहा-बारा माणसं. गाइड आमच्या लेकीच्या वयाची, ट्युनिशियाची, समुद्री जिवांचा अभ्यास केलेली मुलगी. चटपटीत, हसरी. माझा नवरा लगेच तिच्याशी गप्पांना बसला. वरून पाहिलेले सगळे मासे त्याने तिला वर्षवार सांगितले, आणि ती वही काढून लिहून घेऊ लागली. मी बघत राहिले. घरात ज्याच्या गोष्टीला "हं" मिळत होतं, त्याचं बोलणं इथे कुणीतरी टिपून घेत होतं. मला जरा लागलंच.

दोनेक तासांनी दूरवर प्लॅटफॉर्म दिसायला लागले. नवरा उठून उभा राहिला. "तो डावीकडचा माझा," तो म्हणाला. पाण्यातून वर आलेले पाय, वर लोखंडाचा पसारा, एका बाजूला जळणारी ज्योत. बावीस वर्षं माझा नवरा अर्धा महिना जिथे राहिला ती जागा मी पहिल्यांदा पाहत होते. मी तिकडे बघून हात जोडले, का ते मला माहीत नाही. सवयच, म्हणा.

मग कॅप्टनने इंजिन मंद केलं आणि हात वर केला. पाण्यात एक करडी सावली होती, तिच्यामागे दुसरी, तिच्याही मागे आणखी. गाइडने पाण्यात उतरणाऱ्यांना मागच्या बाजूला बोलावलं. नियम सांगितले. माशाला हात लावायचा नाही, तीन मीटरच्या आत जायचं नाही, त्याच्या वाटेत आडवं यायचं नाही. मग म्हणाली, "आणि अंगाला कुणी काही लावलेलं नाही ना? हात पुढे करा."

तिची पद्धत साधी होती. बाटलीतलं थोडं पाणी प्रत्येकाच्या हातावर ओतायची आणि ते कसं वाहतं ते बघायची. पहिल्याच्या हातावरून पाणी सरळ खाली गेलं. दुसऱ्याच्याही. माझ्या नवऱ्याच्या हातावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले आणि अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळले.

"अंकल, हे काय?"

"तेल," तो म्हणाला. "कोकोनट ऑइल."

तिचा चेहरा पडला. तिने समजावून सांगितलं, इंग्रजीत, सावकाश. इथे माशांची अंडी पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगतात. हे मासे तोंड उघडून तोच थर गाळून खातात. माणसाच्या अंगावरचं तेल, क्रीम, सगळं त्याच थरात पसरतं आणि त्यांच्या पोटात जातं. म्हणूनच मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आता माझं डोकं फिरलं. मी हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करून तिच्याशी भांडायला लागले. "अरे ये केमिकल नहीं है, घर का तेल है! प्युअर! हम लोग खाते हैं इसको!" ती बिचारी ऐकून घेत होती. मग मी म्हणाले, धुऊन काढते. बोटीच्या मागे गोड्या पाण्याची नळी होती, पण साबण चालणार नव्हता, तो शेवटी समुद्रातच जाणार. मी टॉवेल घेतला आणि नवऱ्याला घासायला लागले. पाठ लाल होईपर्यंत घासली. कागदी रुमालांचं आख्खं पाकीट संपवलं. तिने परत हातावर पाणी ओतलं. परत थेंब. घाण्याचं तेल ते, आणि माझा हात लागलेला. जिरेपर्यंत चोळलं होतं ना!

"सॉरी, अंकल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा म्हणाला, "राहू दे गं. तिचं बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? जुलैअखेर आपण चाललो! परत कधी येणार आहात तुम्ही इथे?"

"एकदा मी आमच्या मोठ्या साहेबांना हेलिपॅडवरूनच परत पाठवलं होतं. खिशात लायटर निघाला म्हणून. ते पण असेच चिडले होते." तो जरा हसला. "हिच्या जागी मी असतो तर मीही कुणाला सोडलं नसतं."

हा माणूस असाच आहे. नियम म्हणजे नियम. मला त्याचा राग आला, स्वतःचा तर त्याहून जास्त. दोन महिने नाकातोंडात पाणी घेऊन शिकला होता. बावीस वर्षं वाट बघितली होती. आणि मी त्यावर ओंजळभर तेल ओतलं होतं. मी बाकावर बसले आणि रडायला लागले, चारचौघांत.

तो शेजारी येऊन बसला. हातातला गॉगल माझ्या मांडीवर ठेवला. "तू जा," म्हणाला.

"मी? मला काय करायचंय?"

"तुला पोहता येतं. तुझ्या अंगाला तेल नाही. आणि नंबर आपला सारखाच आहे." हे खरं होतं. घरात घाईच्या वेळी आम्ही एकमेकांचे चष्मे लावतोच. "जा ना. डोळा बघून ये आणि मला सांग."

गाइडने माझ्या हातावर पाणी ओतलं. सरळ खाली गेलं. तिने मला लांब बाह्यांचा पोहायचा सदरा दिला, आणि पंचवीस-तीस वर्षांनी मी समुद्रात उतरले.

पाण्यात पडल्याबरोबर पहिले काही क्षण नुसती घाबरले. खाली तळ नव्हता, निळं-हिरवं अंधुक काहीतरी खोल जात होतं, आणि नळीतून येणारा माझाच श्वास कानात मोठमोठ्याने वाजत होता. गाइडने माझं मनगट धरलं. मग पाय आपोआप हलायला लागले. खाडी शरीर विसरत नाही. पाण्यात साबुदाण्यासारखे बारीक दाणे तरंगत होते. हीच ती अंडी. ओट्याला टेकून सांगितलेलं एकेक आठवायला लागलं, म्हणजे कानांवरून ते सगळंच वाया गेलं नव्हतं तर.

आणि मग समोरून तो आला. आधी नुसतं तोंडच दिसलं, रुंद, सरळ, उघडं, मोठ्या सुपासारखं. मी जागच्या जागी थबकले. तो माझ्यासाठी वळला नाही, थांबलाही नाही, आपल्या कामात होता. माझ्या डाव्या बाजूने तो पुढे जायला लागला आणि संपेचना. ठिपके खरंच रांगोळीचे होते, मधे मधे रेघा, कुणी फुरसतीने काढल्यासारख्या. कल्ल्यांच्या फटी उघडत-मिटत होत्या. पोटाखाली दोन-चार लहान मासे फुकटचा प्रवास करत चिकटले होते.

डोळा मी जवळजवळ चुकवलाच. एवढ्या मोठ्या अंगाला तो एवढासा, तोंडाच्या कोपऱ्यामागे, सुपारीएवढा. काळा, गोल, भोवती फिकट कड. आणि तो हलला. माझ्याकडे वळला. मग आत ओढला गेला, दाराआड कुणी मान मागे घ्यावी तसा, आणि पुन्हा बाहेर येऊन त्याने परत माझ्याकडे बघितलं. मी नळी तोंडात असताना काहीतरी ओरडले. काय ते मला माहीत नाही. बहुतेक "अहो!"

वर आले तेव्हा शिडीपाशी नवरा टॉवेल घेऊन वाकलेला होता. पूलवर जशी मी बसायची, तसा. मी एक पाय शिडीवर ठेवला नाही तोच त्याने विचारलं, "डोळा?"

"दिसला."

"बघितलं त्याने?"

"दोनदा."

त्याने मला बाकावर बसवलं. मग मी सांगायला सुरुवात केली आणि तो प्रश्न विचारत गेला. कोणत्या बाजूचा? काळा म्हणजे अगदी काळा? पापणी असते का? आत कसा ओढला, हाताने करून दाखव. मी ओल्या कपड्यांनीच हाताने करून दाखवलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. एकतीस वर्षांत माझ्या बोलण्याला इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं, त्याने स्वतःनेही. "परत सांग," तो म्हणाला. मी परत सांगितलं. धपाटे सगळ्या बोटीने खाल्ले. कॅप्टनने दोन मागून घेतले आणि अरबीत शुक्रन म्हणत आभार मानले.

परतताना गाडी तो चालवत होता. दोन्ही बाजूंनी सपाट पिवळी जमीन. मी धपाट्यांचा रिकामा डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "मेलमधलं ते तेलाचं, तुम्ही मला वाचून दाखवलं होतंत का?"

"हो. दोनदा."

"मी ऐकलंच नाही हो."

"माहीत आहे मला. बावीस वर्षं माहीत आहे." तो रागावलेला नव्हता, हसत होता. "चौदा दिवस तिथे यंत्रांशी डोकं लावायचं. घरी आल्यावर कुणीतरी हं म्हणणारं असायचं. तेवढं मला पुरायचं."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग विचारलं, "पण तुम्हाला तर माहीत होतं. मग तेल लावू का दिलंत?"

 "तू पाठीला तेल चोळत होतीस," तो म्हणाला. "किती वर्षांनी. थांब म्हणवेना. वाटलं, नंतर पुसून टाकू."

मी गाडीत पुन्हा रडले. ते या वेळी रागाचं नव्हतं. हा बावळट, भला माणूस माझ्या पाच मिनिटांच्या मायेसाठी बावीस वर्षांचा मासा सोडून बसला होता, आणि त्याला ते फारसं महागही वाटलं नव्हतं. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. अजून तेलकटच होता.

निघायच्या आठवड्यात दोह्यातली पाच-सहा मराठी कुटुंबं निरोपाला आमच्याकडे जमली. फर्निचर विकून झालेलं, सगळे खोक्यांवर आणि सतरंजीवर बसलेले. जेवणाआधी कुणीतरी म्हणालं, "हं, आता माशाची गोष्ट होऊन जाऊ दे," आणि सगळे हसले, कारण ती सगळ्यांना पाठ होती. नवऱ्याने सुरुवात केली. चहाची वेळ, रेलिंग, कंपनीच्या बसएवढे मासे. मी नेहमीसारखी आत मसालेभात हलवत होते. या गोष्टीच्या वेळी मी नेहमी आतच असते.

बाहेर तो ठिपक्यांपर्यंत आला. तोंडापर्यंत आला. आणि थांबला.

"डोळा मी पाहिलेला नाही," तो म्हणाला. "तो हिने पाहिलाय. अगं, ये ना बाहेर!"

मी गॅस बंद केला. हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आले आणि त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसले. सांगायला लागले. तोंड, सूप, रांगोळी, आणि मग कोपऱ्यातली ती सुपारी. सगळे ऐकत होते, पण मी सांगत होते त्यालाच. त्याने हे निदान वीस वेळा ऐकलं होतं. तरी डोळा आत ओढला जातो त्या जागेला तो माझ्याकडे वळला, पुढे झुकला, आणि म्हणाला, "हं?"

त्याचं "हं" माझ्यासारखं नव्हतं. त्यात पुढचं ऐकायचं होतं.